बंद पाठीचे

नासिर होडेकर बोटीवरून उतरला
आणि राजिवड्याला घरी जायच्या आधी
मिऱ्याला माझ्या पडवीत आला.
पेटी ठेवली पुढ्यात. वाजायची नव्हे,
लाकडी, आत मखमल, मखमलीत हेडफोन.
"खातूकाका, दोन लाख चाळीस हजार.
खरं सांगा, फसलो का?"

मी हार्मोनियम दुरुस्त करतो, चाळीस वर्षं.
एवढ्या पैशात आमच्याकडे होडीचं इंजिन येतं,
आणि ते निदान ओरडतं तरी.

आधी तळहातावर वजन घेतलं.
अक्रोडाच्या वाट्या, मेंढीच्या कातड्याच्या गाद्या,
पाठीला एकही भोक नाही.
बोटाने पाठ वाजवली, फणस वाजवतात तशी:
कच्चा टणटणतो, पिकलेला बद्द बोलतो.
हा मधला. दोन दिवस गोणपाटात ठेवण्याजोगा.
नासिर हसला नाही.

कानावर चढवले. काही लावलंही नव्हतं अजून,
आणि समुद्र बंद झाला.
साठ वर्षांत कधी झाला नव्हता.
दचकून बंधाऱ्याकडे बघितलं:
लाटा येत होत्या,
उशिरा घरी येणारं पोर
चपला हातात घेऊन शिरतं, तशा.

मग तो एकेक लावत गेला.
तो म्हणायचा बास, मी म्हणायचो खर्ज.
खर्ज डाव्या कानाला गळत होता.
भाता तपासताना मी सगळी भोकं बुजवतो,
हवा कुठून निसटते ते गालाला कळतं.
इथे ती निसटत होती
माझ्या चष्म्याच्या काडीखालून.
चष्मा काढला. खर्ज भरून आला,
आणि बिलावरचा आकडा दिसेनासा झाला.
"असेच ऐकायचे हे," मी म्हणालो.

बाकी निकाल सांगितला तो असा:
खर्ज जरा जास्त जेवलेला.
वर, तार सप्तकाच्याही वर,
एक काच राहिली आहे, स ला टोचते.
मधला भाग मात्र सरळ. गोड करून सांगत नाही.
बंद खोलीत बसून गाणारा
थोडा कोंदटतो, तेवढं माफ.

"आता तुमचं काहीतरी," म्हणत त्याने लावलं
कर्ल्याच्या देवळातलं भजन,
शहाण्णव सालची कॅसेट, कुणीतरी मोबाइलवर आणलेली.
पेटी मी आदल्या रात्री लावलेली.
त्या पेटीचा गंधार गोड, असं गाव अजून म्हणतं.

गंधार उतरलेला होता.

केसभर. पण केस दिसत होता.
रीड टोकाला घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो,
मी मुळाशी एकदा जास्त घासली होती.
वीज नव्हती त्या रात्री. कंदील होता.
मंडळी अंगणात चहाला थांबलेली, घाई करत.
हे सगळं मी कुणाला सांगत होतो?

पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा तेच.
हेडफोनवर ढकलावं तर
हेडफोन सूर जाड करील, बारीक करील,
उतरवणार नाही.
आणि मधला भाग सरळ आहे, हे मीच
पाच मिनिटांपूर्वी म्हणालो होतो.

काढून ठेवले.
समुद्र परत आला, सगळा एकदम,
त्याला कुणी कधी घासलेलं नाही.

"मग काका? किंमत?"
"लाख सुराचे. चाळीस हजार लाकडाचे.
वरचा लाख..."
पुढे मला नीट सांगता आलं नाही.
विकू नकोस, म्हटलं. आणि मला परत आणून दाखवू नकोस.
तो बघत राहिला. मग पेटी उचलून
चहा न घेता गेला.

संध्याकाळी कानस काढून पुसली.
कर्ल्याची गाडी साडेपाचला असते.
पिशवी भरली, कानस, चिमटा, चष्म्याचं घर,
आणि पडवीत बसलो पिशवी मांडीवर घेऊन.
गाडी गेल्याचा आवाज आला.
समुद्रामुळे नीट कळलं नाही
आमचीच होती का ती.