फ्रीडा कोठी झाली त्या वर्षी

तिला चेटकीण व्हायचंच नव्हतं.
सांगाडा नाही, भूत नाही, शिंगं नाहीत.
तिला व्हायचं होतं धान्याची कोठी,
गावाच्या टोकाला रुळांशेजारी उभी आहे ना, तीच,
गेल्या सुगीपासून रिकामी,
आणि वसंतात म्हणे पाडणार आहेत.

फ्रिजच्या खोक्याला तिनं तांबडा रंग फासला,
गावाचं नाव लिहिलं, एक अक्षर गाळून,
हातांसाठी दोन भोकं पाडली
आणि स्वयंपाकघराच्या दारात अडकली.
"आता सांगा," म्हणाली, "यात सैतान कुठंय?"

आब्रामनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
प्रश्न वेषाचा नाही, म्हणाला.
ती रात्र कुणाची, हा प्रश्न आहे.

मी बटाटे सोलत होते.
त्याचं म्हणणं मला पटतं. निदान निम्मं.
मीही तसल्याच घरात वाढले:
हॅलोविनच्या दिवशी साडेपाचलाच जेवणं,
मग घरभर अंधार,
आणि आम्ही पाच भावंडं तळघरात
एका कंदिलाभोवती स्तोत्रं म्हणत.
वर दारावर टकटक झाली की आवाज आणखी खाली.
जाईल, आई म्हणायची, जाईल आपोआप.
काय जाईल, ते कधी सांगितलं नाही.
सकाळी पायरीवरच्या बर्फात पावलं दिसायची,
माझ्याच मापाची.

यंदा मंडळीत तीन मतं पडली.
लोवेन कुटुंब दार उघडणार,
टॉफीबरोबर एकेक पत्रक देणार.
डीकन पेनर म्हणाले, चर्चच्या हॉलमध्ये या,
भोपळ्याचं सूप आहे, वेष फक्त शास्त्रातले.
(मागच्या वर्षी सात नोहा आले होते
आणि प्राणी एकही नाही.)
तिसरं मत व्हर्ना लोवेनच्या सासूचं:
गोडानं दात किडतात, आत्मा नाही.
ते इतिवृत्तात घेतलं नाही.

संध्याकाळ झाली तरी आमचं काही ठरेना.
आणि न ठरवणाऱ्यांच्या घरातले दिवे
का कोण जाणे, बंदच राहतात.
फ्रीडा खोक्यातच जेवली.
मग खिडकीशी जाऊन उभी राहिली, जमेल तशी,
आणि म्हणाली,
"कोस्तिउक आजोबांचा दिवा चालू आहे."

रस्त्याचं शेवटचं घर. त्यापुढे फक्त शेत आणि वारा.
मुलं तिथवर जात नाहीत, थंडी फार.
तरी त्यांची बायको दरवर्षी भांडं भरून ठेवायची.
मार्चमध्ये तिला पुरलं.
जमीन इतकी गोठलेली की मशीन आणावं लागलं.
आब्राम होता तिथे, टोपी हातात धरून.

तो उठला. मला वाटलं, पुस्तक आणायला.
त्यानं बूट घातले.
"एकच दार," म्हणाला. "आणि सण म्हणून नाही."
मग काय म्हणून, ते मी विचारलं नाही.

कोठी बर्फातून निघाली,
वाऱ्यानं कलत, सावरत, पुन्हा कलत.
मागे आब्राम, बॅटरी घेऊन.
फाटकाशी थांबला तो. आत पाऊल टाकलं नाही.
उजेड मात्र पायरीपर्यंत टाकला.

दार उघडलं.
म्हातारा खोक्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.
मग म्हणाला (हे मला फ्रीडानं सांगितलं),
"तुझ्यात मी बत्तीस वर्षं काम केलंय."
आणि एक अक्षर राहिलंय, हेही म्हणाला.
आतून पेन्सिल आणली,
गुडघ्यावर बसला, लिहिलं.
भांडं सगळंच्या सगळं तिच्या पिशवीत ओतलं.

घरी आल्यावर आब्राम बोलला नाही.
झोपताना त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता.

आम्ही तो सण पाळत नाही, तो अजूनही सांगतो,
आणि खोटं बोलत नाही.
पुढच्या वर्षीचं अजून ठरलेलं नाही.
कोठी मे महिन्यात पाडली.
खोका गॅरेजमध्ये आहे, थोडा भिजलेला,
नाव पूर्ण.