उष्टं

ड्रममधून उतरलेलं पाणी
आता वेगळ्या नळीनं येतं माझ्याकडं.
वेगळी नळी. एवढंच ठरवायला
मालकाला सात वर्षं लागली.
तोवर सगळं एकाच गटारात,
केस, चुना, चरबी, मीठ आणि हा हिरवा,
गटार ओढ्यात, ओढा अग्रणीत,
आणि मळ्यातल्या विहिरीत दोर सोडताना
कुणी कुणाला काही विचारायचं न्हाई.

मी गौरव्वा कवळे. रातपाळी.
अथणीबाहेर, टाकी नंबर दोन.
पट्टी हातात घेऊन स्टुलावर बसतो
(आमच्याकडं बाया 'बसतो'च म्हणतात,
तपासणीला आलेल्या बाईंना हसू आलं होतं).

जाळीवर आधी चिंध्या अडतात कातड्याच्या.
मग पोत्यातली मॅग्नेशियाची पांढरी पूड,
घमेल्यानंच, खरं सावकाश,
उकळत्या पाण्यात पीठ सोडावं तशी.
घाई केली तर गाळ फुगतो, बसत न्हाई.
पट्टीवर आठ आला की हात थांबवायचा.

ईरण्णा कंदील टाकीवर धरतो,
म्हणतो, हसिरु.
त्याच्या भाषेत हिरव्याला हसिरु
आणि भुकेला हसिवु.
एका अक्षराचं अंतर.
ओढ्याकाठी चरणाऱ्या आमच्या म्हशीनं
तेवढंही ठेवलं न्हाई.

पहाटे चारला वरचं पाणी निवळतं.
खाली राहतो गाळ,
कुणाच्या तरी लग्नासाठी
रात्रभर भिजवलेल्या मेंदीसारखा.
त्यावर आम्ल, धारेनं, तोंड फिरवून.
टाकी तापते, फुसफुसते,
आणि गाळ विरघळून
पुन्हा तोच गडद हिरवा उभा राहतो,
जणू गेलाच नव्हता कुठं.

पहिल्या दिवशी मेस्त्री बाबालाल
ड्रमपुढं आडवा उभा राहिला.
उष्टं पाणी कातड्याला देणार न्हाई म्हणाला.

उष्टं.
माझ्या सासूच्या आईनं हा शब्द
पदराखाली झाकून आणलेला, दारोदारचा,
आणि पोरांनी तो बोटं चाटून खाल्लेला.

मी म्हटलं, दोन ड्रम फिरव.
एकात नवंच,
दुसऱ्यात तीन वाटे नवं, एक वाटा हे.
संध्याकाळी आठही कातडी ओट्यावर टाकली,
निळी, ओली, गार.
कडा दाबून बघितल्या त्यानं, उलटून बघितलं,
एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकून बघितला.
कुठलं कुठल्या ड्रमचं, सांगता आलं न्हाई.
विडी पेटवून लांब जाऊन बसला.

घरी सासरे माझे हात हुंगतात.
त्यांच्या कुंडात बाभळीची साल होती, हिरडा होता,
चामड्याला चाळीस दिवस होते.
त्यांच्या चपला कोल्हापूरच्या नावानं विकल्या गेल्या,
त्याचंही त्यांना काही न्हाई.
"वास न्हाई," म्हणतात. "वासाबिगर कसलं चामडं?"
मी नखांतला हिरवा काडीनं काढत राहतो.

वरचं निवळ पाणी पुढच्या टाकीत जातं.
त्यातला हिरवा गेला.
मीठ तसंच आहे.
कशानंच जात न्हाई ते,
बाई म्हणाल्या, त्याला वेगळी मशीन लागते,
मालक म्हणाला, बघू.
विहिरीचं पाणी अजून कुणी तोंडात घेत न्हाई.

सहाच्या भोंग्याआधी वहीत लिहितो:
परत आलं, अठरा किलो.
शेजारचा रकाना, परत न आलेलं.
ईरण्णाच्या पाळीला तो तिथं रेघ मारतो.
मी मोकळा सोडतो.