खट्

मावशीच्या बॅगेतून स्टुटगार्टहून आले बूट,
एक नंबर मोठे.
आतला कागदाचा बोळा तसाच ठेवून
सेमहार हब्तेमारियमच्या दुकानात गेली.
"डाव्या पेडलचे आटे उलटे,"
पाना देत म्हातारा म्हणाला, "जोर नको, अक्कल लाव."

खट्. एक बूट पेडलला चिकटला.
खट्. दुसराही.
अस्माराच्या ताडांखालून ती निघाली ऐटीत
आणि सिग्नलपाशी
पाय सुटेचना.
सायकलसकट आडवी,
तोडलेल्या केळीसारखी, सावकाश.

माकियातो पिणारे पेन्शनर हसले.
एकाने पँट वर करून दाखवला
पोटरीवरचा जुना व्रण, चाकाच्या दातांचा.
"चौदा आहेत, मोज."
तिने मोजले. तेराच होते.
ती काही बोलली नाही.

दुपारी नेफासितचा चढ.
ढग खालच्या वळणावर राहिलेले.
तेव्हा कळलं, आजवर पाय नुसते ढकलत होते,
आता ओढतातही.
इतकी वर्षं
अर्धा फेरा फुकट जात होता.

घरी बोळा उलगडला, ओलाचिंब.
शाई मोज्यावर उतरलेली,
उलटी अक्षरं, एक नकाशा, एक ढग.
कुठल्यातरी जर्मन गावात
परवा पाऊस पडणार होता.