बाळसं

केमिस्ट शेणॉयने बाटली कागदात गुंडाळली,
म्हणाला, जेवणाआधी अर्धा तास. झोप येईल थोडी.
आणि भूक? मी विचारलं.
तो सुटे पैसे मोजत राहिला.

नायगावच्या खोलीत दिवसातून तीनदा
पाच एमएलच्या रेघेला डोळा लावून
मी टोपणात तांबडं औषध ओततो.
द्वारका पिते, तोंड वाकडं करते,
मऊ भाताचे दोन घास
परक्याची ठेव असल्यासारखे गालात धरून
झोपी जाते.

टोपणाच्या बुडाशी थेंबभर उरतंच.
एकशे ऐंशीची बाटली, वाया कशी घालवू?
बोट फिरवतो, चाटतो.
मग रात्री अकराला
ओट्यापाशी उभ्याउभ्याच
तिच्या ताटलीतला गार भात, वर तिसऱ्यांचं कालवण,
भिंतीकडे तोंड करून.
चमचा वाजू देत नाही.

सोमवारी परळला वजन.
ती एकोणचाळीस पाचशे. मागच्या खेपेला आठशे होती.
काट्यावरून उतरताना म्हणाली,
आता तुम्ही चढा.
मी चपला काढल्या, किल्ल्या काढल्या, चष्मासुद्धा.
तरी चार किलो जास्त.

"औषध लागू पडलं म्हणायचं," ती म्हणाली,
"बाळसं धरलंय तुम्ही."
आणि इतकी हसली, इतकी,
की नर्सने पाणी आणलं.

हिंदमाताच्या पुलाखाली मी उकडलेल्या शेंगा घेतल्या,
पुडी तिच्यापासून पलीकडच्या हातात.
"दाखवा," म्हणाली, "काय खाताय."
एक शेंग तिने सोलली.
दाणा जिभेवर ठेवला.
चावला की नाही
मी पाहिलं नाही, सिग्नलकडे बघत राहिलो.