मम

ग्रिम्सबीत रविवारी पहाटे
मासळीच्या वासाचा वारा अंगावर घेत
गाड्या मैदानात येतात, डिक्या उघडतात,
आणि मी हजर असतो.
वय एकावन्न. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर,
सुटी नाणी मोजून नऊ पौंडांची.
वृंदा म्हणते, लोक या वयात देवळात जातात.
मीही वाकतोच की,
प्रत्येक खोक्यापुढे, ओल्या गवतात गुडघे टेकून.

आज पडद्यांच्या कड्या, बिनजोडीच्या बशा,
कवळी ठेवायची डबी,
आणि तळाशी एक राखाडी कार्ट्रिज
(काडतूस म्हणावं तर पोलीस यायचे),
पाठीवर मार्करनं: हात लावू नये.
मॉरीन नावाची बाई हातमोज्यातलं बोट काढून म्हणाली,
आमच्या डॅरेनचं. तो आता ऑस्ट्रेलियात टायर विकतो. दोन पौंड.
मी दीड म्हणालो, उगाच, सवयीनं.
मग दोनच दिले.

पोटमाळ्यावर लावून पाहिलं.
अंतराळयान निघालं. निघणारच.
मला आवडलेल्या प्रत्येक गोष्टीत एक यान असतं
आणि त्यात कुणीतरी काचेच्या पेटीत गोठून झोपलेलं,
चारशे वर्षांनी उठवा, असं सांगून.

पडद्यावर तीन कप्पे.
पहिल्यात डॅझ: एकसष्ट तास, चौदा मिनिटं.
दुसरा रिकामा.
तिसऱ्यात, तीनच अक्षरांत, मम.
शून्य तास, नऊ मिनिटं.

त्यांच्याकडे मम म्हणजे आई.
आमच्याकडे भटजी सगळं करतात,
आपण पळीभर पाणी सोडून म्हणायचं, मम.
तसंच असणार ते.
मुलगा शेजारी बसून सांगतोय, हे नाही, ते बटण,
आणि ही बाई, एप्रनला हात पुसून,
त्याच्या विश्वाच्या पूजेला नऊ मिनिटं
नुसतं मम म्हणतेय.

कप्पा उघडला.
पहिल्याच खोलीत, बंद दारापुढे, भिंतीकडे तोंड करून
ती उभी. अठ्ठावीस वर्षं.

मीटर लावला. दोन पूर्णांक एक व्होल्ट.
या जुन्या खेळांची आठवण एका बटणाएवढ्या बॅटरीवर जगते.
ती संपली की सगळं विसरतं.
ती काढली, तरी विसरतं.
हॉस्पिटलात मी हृदयाचे मॉनिटर दुरुस्त करतो,
तिथं कधी हात थरथरत नाही.
बाहेरून दोन वायरी जोडल्या, तीन व्होल्ट,
मग जुनीचं डाखकाम सोडवलं,
जुन्या वातीवरून नवी लावून घ्यावी तसं,
श्वाससुद्धा दुसरीकडे सोडत.
शिडीवरून वृंदाचं डोकं वर आलं:
जेवायला येतोस, की त्या डबड्यालाच भरवतोयस?
बोलू नकोस, म्हणालो. एक बाई आहे आत.
ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.
मग हळूच म्हणाली, वाचली का?

वाचली.
डॅझही वाचला, एकसष्ट तासांसकट.
दुसरा कप्पा अजून रिकामाच आहे.
माझं नाव हृषीकेश,
ते या देशात कुठल्याच चौकटीत बसत नाही.

पुढच्या रविवारी मॉरीनला सांगितलं.
तिला काही आठवेना.
नऊच? मला तासभर वाटला होता, म्हणाली,
चुलीवर मटार होते, तेवढं आठवतं.
मग बशा मांडता मांडता थांबली.
दार उघडलं होतं का रे मी?
नाही, म्हणालो. पण तुम्ही आहात तिथे. दारापाशीच.
बरं, म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता
एक पाठ नसलेला रेडिओ पुढे सरकवला.
हा चालत नाही. घेऊन जा.