नो-गो

भाऊंची मॅटॅडोर, चौऱ्याण्णवची,
वडाळा नाक्यावर मुनाफ मिस्त्रींच्या दारात
चार दिवस विटांवर उभी आहे.
मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळतंय.
"व्हील सिलिंडर आण," मिस्त्री म्हणाले,
"आणि डब्याकडे बघून आणू नकोस.
डबा काय, कुणीही छापतं."

मिस्त्रींचं शास्त्र सगळं तोंडी:
रबराला नख लाव, खूण भरून यायला हवी,
राहिली तर ते रबर नाही, काजळी आहे.
बेअरिंग कानाशी फिरव,
चांगलं असेल तर काहीच सांगणार नाही.
बुशाचा वास घे. जळक्या टायरचा आला
तर टायरच वितळवलाय.
आणि दुकानदार "ओरिजिनल" किती वेळा म्हणतो ते मोज.
तीनच्या पुढे गेला की उठ.

लुणावतशेठ दोनदाच म्हणाले.
एक डबा साडेपाचशेचा, एक तीनशेचा,
आणि एक नुसता वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"हा एकशे ऐंशीला. माल कंपनीचाच, फक्त डबा नाही."

कागद सोडला.
ओतकाम स्वच्छ, कडा मारलेल्या,
आट्यांवरून बोट फिरवलं, कुठे टोचलं नाही.
डब्यातल्या दोघांपेक्षा हा सरस
हे आंधळ्यालाही कळलं असतं.
मग ट्यूबखाली बोअर तिरका धरला
आणि आतल्या खोबणीत, जिथे थिनरचा बोळा पोचत नाही,
लाल.
मोहरीएवढा.

तो लाल मी ओळखते.
अंबडला, दुसऱ्या पाळीत, सात नंबरच्या टेबलावर
तो माझ्याच ब्रशाचा असतो.
गेजचं एक टोक आत जायला हवं,
दुसरं जाता कामा नये.
गो. नो-गो.
दुसरं गेलं की लाल ठिपका, लाल पेटी,
पेटीला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे
आणि कागदावर माझी सही.
पुढे भट्टी, असं आम्हाला सांगतात.
नऊ वर्षं सही करतेय. भट्टी पाहिलेली नाही.

शेठना काय बोलणार?
एकशे ऐंशी मोजले.

मिस्त्रींनी डोळे मिटून अंगठा आत फिरवला.
"चांगला आहे."
"नापास आहे," मी म्हटलं. "बोअर मोठा.
असेल तीन-चार शतांश."
"मिलिमीटरचे?"
"मिलिमीटरचे."
ते हसले नाहीत.
फडक्याने बराच वेळ एकच पाना पुसत राहिले.
"बाजारात बाकीचे आहेत ना बेटा,
ते कुणी मोजलेलेच नाहीत.
हा निदान मोजून नापास केलाय."

खरं आहे ते. आणि खरं आहे म्हणूनच
मला राग आला, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.
भाऊ मंडपाचे लोखंडी पाइप घेऊन
वणीच्या गडावर जातात.
उतरताना पाय ब्रेकवरच असतो.
तीन शतांश म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक.
कदाचित काहीच होणार नाही.
"कदाचित"ला आमच्या टेबलावर गेज नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले,
कागदातले उरलेले अकराही घेतले.
शेठ म्हणाले, "गाड्या किती आहेत तुमच्या?"

आता पाळीला जाताना डब्याच्या पिशवीत
एक बारीक कानस असते.
लाल लावते, आणि पेटीत टाकण्याआधी
बोअरमध्ये आडवी रेघ ओढते, खोल.
वेळ जातो. सुपरवायझर विचारतो, काय चाललंय.
रंग वाळवतेय, म्हणते.

मॅटॅडोर अजून विटांवर आहे.
भाऊ रोज संध्याकाळी जाऊन
तिच्या काचा पुसून येतात.