सारण

मल्हारगंजच्या चक्कीवर मी सांगितलं,
मका जाडा दळ. रव्याहून जाड, कण्यांहून बारीक.
"पानिये बनाओगे, भाऊसाब?"
मी म्हटलं, हां.
नाही म्हटलं असतं तर अख्खं युक्रेन समजावावं लागलं असतं
माझ्यामागे नंबर लावून बसलेल्या सहा डब्यांना.

घरी शाल्मलीने कांदा चिरून ठेवलेला.
लोणी वितळतंय. कांदा लाल होऊ द्यायचा नाही,
नुसता काचेसारखा.
"पानी स्तेफा म्हणायची, कांदा बोलायचा थांबला की मका घाल."

ही पानी म्हणजे पाणी नव्हे.
पहिल्या वर्षी फोनवर पोरगी म्हणाली,
बाबा, इथली पानी फार गोड आहे,
आणि मी जिन्याजिन्यावर सांगत सुटलो
की चेर्निव्त्सीला अगदी आपल्या नर्मदेसारखं पाणी.
पानी म्हणजे बाई. घरमालकीण.
दोन खोल्या, एक आंधळं मांजर,
आणि रविवारी भाडेकरूंनाही वाढायचं, अशी खोड.

मका लोण्यात परतला. खमंग वास सुटला
तसा भुट्ट्याच्या किसाचा भास झाला मला,
पण किसात हिरवी मिरची असते, इथे फक्त मिरपूड.
ऊन दूध धारेने. गुठळी होऊ द्यायची नाही.
मग अंडी, चार.
कुमुदने देव्हाऱ्याचा पडदा ओढला,
परत आली, आणि पदर खोचत म्हणाली,
"पांढरं वेगळं फेटायचं का गं?"

"याला म्हणतात काय?"
"नाचिन्का. म्हणजे सारण."
"कशातलं?"
"कशातलंच नाही. नुसतं सारण."
"अगंबाई, पारी कुठे हरवली मग?"
कुमुद हसली. मीही.
शाल्मली डब्याला लोणी लावत राहिली,
कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवत.
सिरेतच्या सीमेवर एकतीस तास उभी होती ती.
चौथं वर्ष तिथेच राहिलं.
आता गीताभवनजवळच्या लॅबमध्ये
लोकांचं रक्त गोल फिरवते.
या डब्याची मापं तेवढी तिने आणली, तोंडपाठ.

ओव्हन पंधराशे वॅटचा.
माझी नजर आपोआप मीटरकडे.
तीस वर्षं पोलोग्राउंडला भारनियमनाचे तक्ते आखले मी,
कुठल्या फीडरला कधी अंधार, पट्टी लावून, लाल शाईने.
त्या चौकटींमध्ये
कुणाचं काही अर्धं भाजलेलं असेल
हे एकदाही मनात आलं नाही.

पानी स्तेफा हल्ली रात्री दोनला भाजते.
तेव्हा वीज असते.
मध्येच गेली तर भांडं
नवऱ्याच्या जुन्या कोटात गुंडाळून ठेवते,
राहिलेलं आपल्याच उबेत शिजतं, म्हणते.
नवरा कुठे आहे, हे शाल्मलीने विचारलं नाही.
मला सांगताना म्हणाली, "कोट जाडा आहे."

तासाभराने डबा बाहेर.
वर सोनेरी साय, कडेला जरा करपलेली,
तेवढीच कड आम्ही तिघांनी भांडून खाल्ली.
मग कुमुद ताटापाशी अडली:
ही डावीकडे वाढायची, की उजवीकडे?
चटणी नव्हे, भाजी नव्हे. तिकडे मांसाशेजारी बसते म्हणे.
शेवटी वरणभाताच्या पलीकडे, एकटीच ठेवली.
मी वर जिरावन भुरभुरलं.
"बाबा!"
"इंदूरमध्ये आलीये ना? मग."

शाल्मलीने फोटो पाठवला, जिरावनासकट.
एकच टिक.
ती फोन पालथा घालून जेवायला बसली.

मी घड्याळ पाहिलं. आठ, म्हणजे तिकडे साडेचार.
फ्रिजवर दुधाच्या हिशेबाशेजारी
एक कागद चिकटवलाय मी, पट्टी लावून आखलेला,
शाल्मलीला वाटतं बोर्डाचा जुना आहे.
दुसरा घास घेता घेता म्हणालो,
"सहाला येईल. तिच्या बाजूची सहाला येते."